संतश्रेष्ठ गोरोबाकाका : कच्च्यापक्क्याचे निर्भय पारखी

मराठवाड्याची भूमी ही संतांची भूमी होय. आपेगाव, पैठण, गंगाखेड ही नावे उच्चारताच ज्याप्रमाणे ज्ञानदेव, एकनाथ व जनाबाई ह्यांच्या मूर्ती डोळ्यांपुढे उभ्या राहतात, त्याप्रमाणे धाराशिव जिल्ह्यातील तेर ह्या गावाचे नाव निघताच चिखल तुडवीत विठ्ठलनामात रंगलेल्या एका कुंभाराची मूर्ती प्रत्येक मराठी मनात उभी राहते. संतश्रेष्ठ गोरोबाकाका हे आपल्या ज्ञातीचे भूषण तर खरेच. परंतु एका ज्ञातीच्या कुंपणात मावतील एवढे ते लहान नाहीत. साऱ्या संतमंडळाने ज्यांना काका म्हटले, ते साऱ्या महाराष्ट्राचेच काका झाले.

त्यांच्या भक्तीचे गुणगान कीर्तनकारांनी शतकानुशतके केले आहे व पुढेही होत राहील. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे आणखी एका दृष्टीने पाहण्याचा विचार आहे. गोरोबाकाका संत होते, त्याचप्रमाणे ते कारागीर होते. आणि संत झाल्यावर त्यांनी चाक सोडले, असे कोणतीही परंपरा सांगत नाही. मडक्याला जो न्याय, तोच माणसाला, हा त्यांचा बाणा होता. हातच्या कलेवर ज्यांचा चरितार्थ चालतो आणि बाजाराच्या ओढीने ज्यांची कला रोज कसास लागते, अशा आपणां सर्वांस ह्या बाण्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तगर नगरीचा वारसा

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, मांजरेला मिळणाऱ्या तेरणा नदीच्या काठी तेर वसलेले आहे. आज ते एक मोठे खेडे दिसते. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच ठिकाणी तगर ह्या नावाची भरभराटीची बाजारपेठ होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने पेरिप्लस नावाचा जो ग्रंथ लिहिला, त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ह्या नगरीचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई व तेथून पश्चिमेकडील देशांस रवाना होई. पुढे कोकणच्या शिलाहार राजांनी आपण तगर नगरीचे स्वामी आहोत, असे बिरुद अभिमानाने मिरविले. यावरून ह्या नगरीचा लौकिक किती होता, हे ध्यानी येईल.

तेरच्या भूमीतून जे अवशेष वर आले, त्यांत कुंभाराच्या हाताची साक्ष जागोजाग आहे. १९५८ साली येथे उत्खनन झाले व त्यानंतरही संशोधन चालू राहिले. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी मोठ्या निष्ठेने जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. त्यात भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, पांढऱ्या केओलीन मातीच्या दुहेरी साच्यातून काढलेल्या सुबक बाहुल्या आहेत, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी साम्य दाखविते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या त्या शहराशी आपल्या तेरणाकाठचे असे नाते जुळावे, ही केवढी नवलाची गोष्ट !

गावातील त्रिविक्रमाचे मंदिर तर आमच्या व्यवसायबंधूंनी आवर्जून पाहावे असे आहे. मूळच्या चैत्यगृहाच्या घाटाची ही विटांची वास्तू शतकांमागून शतके ऊनपाऊस सोशीत उभी आहे. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की, त्यांतील काही पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळून ती भाजल्यामुळे वीट सच्छिद्र होते, असे जाणकार सांगतात. ज्यांनी त्या विटा घडविल्या, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. परंतु वीट पक्की आहे, हीच त्यांची स्वाक्षरी.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, गोरोबाकाका जन्मले ते कलेच्या व व्यापाराच्या दृष्टीने अडाणी अशा गावात नव्हे. ज्या गावाच्या पांढरीत हजार-दीड हजार वर्षांची कारागिरी गाडलेली होती, जेथील मातीच्या वस्तू एके काळी दूरदेशींच्या बाजारांशी नाते सांगत होत्या, त्याच गावच्या मातीत त्यांचे हात लहानपणी माखले. बाजार म्हणजे काय आणि माल म्हणजे काय, हे त्या मातीला ठाऊक होते.

जन्म, कुल व व्यवसाय

परंपरेप्रमाणे गोरोबाकाकांचा जन्म शके ११८९ म्हणजे इसवी सन १२६७ मध्ये झाला. देवगिरीवर यादवांचे राज्य होते, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १२७१ मध्ये, रामचंद्रदेव गादीवर आला. महाराष्ट्रात त्या वेळी सुबत्ता होती, मंदिरे उभी राहात होती, पांडित्याला मान होता. तथापि कुणबी, माळी, सोनार, शिंपी, कुंभार अशा श्रमकरी लोकांना धर्माचे रहस्य त्यांच्या भाषेत सांगणारे फार थोडे होते. ती उणीव पुढे पंढरीच्या वाळवंटात भरून निघाली.

त्यांच्या वडिलांचे नाव माधवबुवा व आईचे रखुमाबाई असे परंपरा सांगते. घरी विठ्ठलभक्ती होती आणि व्यवसाय पिढीजात कुंभारकामाचा होता. हा व्यवसाय दिसतो तितका सोपा नाही, हे आपण जाणतोच. माती निवडून आणावी, कुटून चाळावी, भिजवावी, तीत राख वा लीद योग्य प्रमाणात मिसळावी आणि मग ती लोण्यासारखी होईपर्यंत पायांनी तुडवावी. चाकावर घडविलेले मडके थोडे सुकल्यावर आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकीत ठोकीत त्याची भिंत सारखी करावी. नंतर सावलीत सुकवावे, आवा रचावा, आच द्यावी, आणि आवा आपोआप निवेपर्यंत धीर धरावा. ह्यांतील एकही पायरी गाळता येत नाही. घाई केली की मडके तडकते, आणि तडकलेले मडके रंगाने क्षणभर झाकता आले, तरी पाण्याला फसविता येत नाही.

त्या काळी कुंभाराचा मुख्य व्यवहार गावाशी असे. वर्षभर लागणारी गाडगी, मडकी, घागरी, रांजण, परळ, पणत्या गावाला पुरवावयाच्या आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, ही पुढेही शतकानुशतके चाललेली पद्धती. ह्या पद्धतीत कारागिराला बांधून टाकणारे दोष पुष्कळ होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट तीत अशी होती की, घडविणारा आणि वापरणारा रोज एकमेकांच्या दृष्टीस पडत. घागर गळकी निघाली, तर पाणवठ्यावर साऱ्या गावादेखत ती कुंभाराचे नाव सांगे. शिवाय घेणारी गृहिणीही बोटाच्या पेराने मडके वाजवून घेत असे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडा गेलेले. पारख दोन्ही बाजूंना होती.

चिखलातील प्रसंग

गोरोबाकाकांच्या संसारातील जो प्रसंग सर्वतोमुखी आहे, तो नामदेवादी संतांच्या परंपरेतून व महीपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयासारख्या ग्रंथांतून आपणांपर्यंत आला आहे. पत्नी संती पाण्यास गेली. जाताना तान्ह्या बाळाकडे लक्ष ठेवण्यास पतीला सांगून गेली. काका चिखल तुडवीत होते आणि मुखाने विठ्ठलनाम चालले होते. नामाच्या तंद्रीत देहभान हरपले. बाळ रांगत रांगत चिखलात आले आणि मातीबरोबर तुडविले गेले.

कीर्तनात हा प्रसंग तन्मयतेचा कळस म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. तथापि घरी परतलेल्या त्या मातेचा आक्रोशही तितकाच खरा होता, हे विसरून चालणार नाही. तिने पतीला आणि त्याच्या विठ्ठलाला दूषणे दिली. समाधी भंगलेले काका क्रोधाने तिच्यावर धावून गेले आणि तिने त्यांना विठ्ठलाची आण घातली, की आपल्याला स्पर्श करू नये. ज्याने घातली ती आण कोणत्याही मनःस्थितीत घातलेली असो, काकांनी ती मानली. परंपरेने हा भाग लपविला नाही. आपल्या संतांचे चरित्र सांगताना त्यांचा क्रोध आणि त्यांच्या घरातील दुःख ही दोन्ही आमच्या पूर्वजांनी जशीच्या तशी सांगितली. वरून रंग दिला नाही. हीही एक प्रकारची पक्की भाजणीच म्हणावी लागेल.

वचन आणि हात

शपथेमुळे संसार थांबला. वंश खुंटेल ह्या काळजीने संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी पतीचे लग्न लावून दिले. निरोप देताना सासऱ्याने जावयास विठ्ठलाची शपथ घालून सांगितले, की दोघी बहिणींना सारखेच वागवावे. काकांनी त्या शब्दांचा अक्षरशः अर्थ घेतला : एकीला स्पर्श नाही, तर दुसरीलाही नाही. दोघींनी एका रात्री, ते निद्रिस्त असता, त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जागे होताच आपल्या हातांनी वचन मोडले, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी ते हातच तोडून टाकले.

ही कथा ऐकताना अंगावर काटा येतो. तिच्याकडे कारागिराच्या दृष्टीने पाहिले, तर तिचा अर्थ अधिकच गहन होतो. राजाचे भांडवल त्याचे सैन्य, सावकाराचे भांडवल त्याची तिजोरी. कुंभाराचे भांडवल त्याचे दोन हात. हातांवर घर चालते, हातांवर नाव चालते. ते हातच वचनापुढे तुच्छ मानणारा पुरुष दोन पैशांच्या लोभासाठी त्याच हातांकडून खोटे काम करवून घेईल, हे संभवत नाही. आज आपणांस कोणी हात तोडावयास सांगत नाही, आणि तसे करणे शहाणपणाचेही ठरणार नाही. कथेतून घ्यावयाचे ते एवढेच, की हातांच्या कौशल्याहून ते कौशल्य कशासाठी वापरावयाचे, ह्याचा निश्चय मोठा.

थोट्या हातांनी व्यवसाय कसा चालावा ? लोककथा सांगते, की स्वतः पांडुरंग विठू कुंभार होऊन काकांच्या घरी राबला, त्याने चिखल तुडविला आणि मडकी घडविली. ह्या कथेत आपल्या व्यवसायाचा जो गौरव आहे, तो कोणत्याही राजाच्या ताम्रपटात मिळणार नाही. पुढे आषाढीस काका दोन्ही स्त्रियांसह पंढरीस गेले. नामदेवांचे कीर्तन रंगात आले. सर्वांनी हात उंचावून विठ्ठलनामाचा गजर केला, काकांनीही आपल्या थोट्या बाहू वर उचलल्या, आणि त्यांना हात फुटले. हरपलेले मूलही आईला परत मिळाले, असे भक्त मोठ्या श्रद्धेने सांगतात.

थापटण्याची कसोटी

आता ज्या प्रसंगाने गोरोबाकाकांना महाराष्ट्राच्या इतिहासात अद्वितीय स्थान दिले, त्याकडे वळू. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव असा संतमेळा एकत्र जमला होता. ह्या सर्वांत काका वयाने वडील. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा व नामदेवांचा १२७० चा मानला, तर काका त्यांच्याहून काही वर्षांनी मोठे होते. जवळच पडलेले थापटणे मुक्ताबाईच्या दृष्टीस पडले आणि हे कशासाठी, असे तिने विचारले. मडकी कच्ची की पक्की हे ह्याने कळते, असे काकांनी सांगताच, आम्ही सारी मडकीच आहोत, तर आमचीही परीक्षा व्हावी, असा प्रस्ताव पुढे आला. काका उठले आणि त्यांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारावयास प्रारंभ केला. सर्वजण शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा मात्र त्यांना तो अपमान वाटला आणि ते रागावले. काकांनी निर्णय दिला : हे मडके अजून कच्चे आहे.

ह्या निर्णयाचे मोल कळण्यासाठी नामदेव कोण होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते अनोळखी मनुष्य नव्हते. त्यांच्या कीर्तनाला पंढरीत लोक लोटत. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य जेवतो, अशी त्यांची ख्याती होती. लोकप्रियतेच्या बाजारात त्या वेळी नामदेवांच्या नावाला जी किंमत होती, ती क्वचितच दुसऱ्या कोणाच्या नावाला असेल. अशा मनुष्याला मान तुकवून पक्के म्हणणे सर्वांत सोपे होते. संतमेळ्याचा रंगही भंगला नसता आणि काकांचे काही गेलेही नसते. परंतु थापटणे नाव विचारीत नाही, लौकिक विचारीत नाही, देवाचा लाडका कोण हेही विचारीत नाही. ते केवळ नाद ऐकते. काकांनी तो नाद ऐकला आणि जसा ऐकला तसा सांगितला.

आणखीही एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. परीक्षेचा अधिकार त्या सभेने दिला तो कोणाला ? सभेत ज्ञानेश्वरीचे कर्ते बसले होते, नाथपंथाचे अधिकारी निवृत्तिनाथ बसले होते. परंतु कच्चे-पक्के ठरविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा सर्वांनी आपली मस्तके एका कुंभारापुढे केली. त्याच्या हाताखालून गेलेल्या मडक्यांनी त्याच्या शब्दाला जी पत मिळवून दिली होती, तीच येथे कामी आली. आयुष्यभर मातीशी प्रामाणिक राहिल्याखेरीज अशी पत कोणाला लाभत नाही.

नामदेव रुष्ट होऊन पंढरीस गेले व त्यांनी विठ्ठलापाशी गाऱ्हाणे मांडले. परंतु तेथेही काकांचाच निर्णय कायम झाला. मग ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा, आणि पाय ठेवावे तेथे उमटणारी पिंडी, ही कथा सर्वश्रुत आहे. देव एका मूर्तीत कोंडलेला नाही, हा बोध त्यांना तेथे झाला आणि मडके पक्के झाले. पुढे हेच नामदेव उत्तर हिंदुस्थानात पंजाबापर्यंत गेले; शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आदराने समाविष्ट झाली. त्या दिवशी काकांनी भिडेपोटी कच्च्याला पक्के म्हटले असते, तर नामदेवांना विसोबांकडे जाण्याची गरज भासली नसती. खोट्या स्तुतीने त्यांचे जे नुकसान झाले असते, ते कोणत्याही निंदकाने केले नसते. कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे. कच्चे म्हणजे अजून आच हवी असलेले. काकांनी मडके फोडले नाही, त्यांनी ते आव्याकडे पाठविले.

उत्तरकाल

गोरोबाकाकांच्या नावावर विसांच्या आसपास अभंग आज उपलब्ध आहेत. संख्या थोडी, परंतु आशय सखोल. सगुण विठ्ठलाच्या प्रेमात रंगलेला हा पुरुष निर्गुणाच्या अनुभवापर्यंत पोहोचला होता, हे त्यांतून स्पष्ट दिसते. भाषा मोजकी, कोठेही फुगवटा नाही. ज्ञानाचे प्रदर्शन नाही. भिंत पातळ आणि नाद खणखणीत, असे जणू ते अभंग घडले आहेत. रचना वाढवून कीर्ती वाढविण्याचा मोह त्यांना शिवला, असे दिसत नाही.

ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि महाराष्ट्राच्या सुबत्तेला ओहोटी लागली. ह्या धामधुमीत काका तेरणेच्या काठी आपल्या व्यवसायात व भजनात राहिले. शके १२३९ म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी देह ठेवला, अशी परंपरा आहे. नदीकाठी त्यांची समाधी आहे, गावात त्यांचे घर दाखविले जाते आणि चैत्र वद्य पक्षात तेथे मोठी यात्रा भरते. २०२० च्या जानेवारीत धाराशिव येथे, त्या वेळच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचेच नाव देण्यात आले. सातशे वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराच्या नावाच्या मांडवात मराठी सारस्वत जमले, हा योग आपल्या ज्ञातीस अभिमानास्पद आहे.

आजच्या व्यवसायाची परीक्षा

परंतु नुसत्या अभिमानाने काकांचे ऋण फिटत नाही. त्यांचे थापटणे आज आपल्या मस्तकावर पडले, तर कोणता नाद निघेल, ह्याचा विचार प्रत्येकाने करावयास हवा.

पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद आणि प्लास्टिक ह्यांनी स्वयंपाकघरातून मडक्याला हद्दपार केले. संक्रांतीची सुगडी, पोळ्याचे बैल, नवरात्रातील घट, दिवाळीच्या पणत्या एवढाच गृहस्थाचा संबंध पुष्कळ ठिकाणी उरला आहे. तुळजाभवानीच्या ह्या जिल्ह्यात घटस्थापनेला अजून मातीचा घट लागतो, हे आपले भाग्य. दुसरीकडे शहरांत मातीच्या वस्तूला शोभेची वस्तू म्हणून मागणी आली आहे आणि गणेशमूर्तींचा व्यापार तर प्रचंड वाढला आहे. म्हणजे कुंभार आता खेड्याचा बलुतेदार राहिला नसून कलेच्या बाजारातील विक्रेता झाला आहे. ह्या पालटात संधी आहे, तसाच धोकाही आहे.

धोका असा, की पूर्वीची दुहेरी पारख नाहीशी झाली. शहरातील ग्राहक मडके वाजवून घेत नाही. तो रंग आणि आकार पाहतो. घडविणाऱ्याचे तोंडही त्याने पाहिलेले नसते, कारण मध्ये व्यापारी उभा असतो. हा व्यापारी हंगामाआधी उचल देतो आणि मूर्ती किती उंच हवी, कोणत्या रंगाची हवी, कोणत्या चित्रपटातील राजाच्या ऐटीची हवी, हेही तोच ठरवितो. शाडूची मूर्ती सुकावयास दिवस लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते, वजनाला हलके असते व स्वस्त पडते. पण ते पाण्यात सहज विरघळत नाही, आणि विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी नदीकाठी देवाची जी अवस्था दिसते, ती पाहवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली अशा मूर्तींना प्रतिबंध करणाऱ्या सुधारित सूचना काढल्या; त्यावरून पुढे न्यायालयांत वादही झाले. कायद्याचा निर्णय न्यायालये करतील. आपल्या हातून जे बाहेर पडते ते कच्चे की पक्के, हा निर्णय मात्र आपलाच आहे.

काही मंडळी म्हणतात, की साचा आला आणि कला गेली. हे म्हणणे सरसकट खरे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्याच कारागिरांनी दुहेरी साच्यातून बाहुल्या काढल्या आणि त्या आज संग्रहालयात मानाने बसल्या आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेवर चालणारी चाके कुंभारांना देण्याचा उपक्रम चालविला. त्यानेही कलेचा घात होत नाही, उलट पाठीचे श्रम वाचतात. साधन बदलले म्हणून कारागीर खोटा ठरत नाही. बाजाराचा दिवस जवळ आला म्हणून आवा निवण्यापूर्वी उघडणे, तडा लाखेने भरून वर रंग देणे, नवी वस्तू जुनी म्हणून खपविणे, आणि आपल्याला जे हिणकस वाटते ते केवळ खपते म्हणून घडवीत राहणे, येथे कारागीर खोटा ठरतो. पारखण्याचे सामर्थ्य जेव्हा ग्राहकापाशी राहात नाही, तेव्हा त्याची जबाबदारी दुपटीने घडविणाऱ्यावर येते.

तथापि केवळ उपदेशाने पोट भरत नाही, हेही तितकेच खरे. ज्याच्या घरी मुलांच्या शाळेची फी थकली आहे, ज्याला माती आणि सरपण दोन्ही विकत घ्यावी लागतात, ज्याच्या डोक्यावर व्यापाऱ्याची उचल आहे, त्याला एकट्याने बाजाराशी झुंजावयास सांगणे हा अन्याय होय. गोरोबाकाका एकटे नव्हते. त्यांच्यामागे संतमेळा होता. आजच्या प्रामाणिक कारागिरामागे त्याची ज्ञातिसभा उभी राहिली पाहिजे. हंगामाआधीचे भांडवल सहकारी पतसंस्थेतून मिळाले, तर उचलीचा फास सुटेल. माल साठविण्यास सामाईक वखार असली, तर कच्चा आवा उघडण्याची पाळी येणार नाही. जाणत्या वृद्ध कारागिरांच्या समितीने पारखून दिलेली पक्क्या मालाची एखादी सामाईक खूण असली, तर शहरातील ग्राहकालाही खऱ्याखोट्याची निवड करता येईल. आणि त्या समितीने खूण देताना नातेसंबंध, श्रीमंती वा सभेतील मान पाहू नये. काकांनी नामदेवांचाही मुलाहिजा राखला नाही, हे स्मरावे.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, चैत्र वद्य त्रयोदशीस आपण तेरला जातो, समाधीवर फुले वाहतो, प्रसाद घेऊन परततो. ह्या वर्षी जाताना त्रिविक्रमाच्या मंदिराच्या भिंतीपाशी क्षणभर थांबावे आणि तेथील विटेला हात लावून पाहावा. तिच्या घडविणाऱ्याला काय दाम मिळाला, हे आज कोणी विचारीत नाही. वीट टिकली एवढेच जग पाहते. आपल्या मुलांच्या हाती आपण चाक देऊ, लेखणी देऊ, वा यंत्र देऊ. परंतु त्याबरोबर काकांचे थापटणेही देऊ या. ज्याला आपल्या कामाचा नाद ऐकता येतो आणि तो जसा आहे तसा सांगण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याची पत कोणत्याही बाजारात बुडणार नाही. संतश्रेष्ठ गोरोबाकाका ते धैर्य आपणां सर्वांस देवोत, हीच पंढरीनाथाच्या चरणी प्रार्थना.